हरिभाऊंच्या ऐतिहासिक नायिका

पुण्यांत १८९० सालीं 'करमणूक' हें साप्ताहिक निघालें, तेव्हां त्याचे संपादक हरि नारायण आपटे अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्या पत्रांतून आरंभींच्या काळांतच त्यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्ध होऊं लागल्या. एक 'पण लक्षांत कोण घेतो?' आणि दुसरी 'म्हैसूरचा वाघ'. पहिलींत यमू नांवाची एक तरुण विधवा आपली कर्मकहाणी आपल्याच तोंडानें सांगते. दुसरी मेडोज टेलर याच्या १८४० सालच्या इंग्रजी कादंबरीच्या आधारें रचलेली, टिपू सुलतानाच्या काळची. आठवड्यामागून आठवडा एकाच लेखणींतून शेजारच्या वाड्यांतील दुःख आणि शंभर वर्षांपूर्वींचा रणसंग्राम असे दोन्ही उतरत होते.

या दोन वाटा अगदीं निराळ्या मानण्याची आपणांस संवय झाली आहे. सामाजिक कादंबऱ्या समाजसुधारणेसाठीं आणि ऐतिहासिक कादंबऱ्या स्वदेशाभिमानासाठीं, अशी वांटणी शालेय पुस्तकांतून सर्रास आढळते. परंतु हरिभाऊंच्या नायिका एका ओळींत उभ्या करून पाहिल्या, तर ही वांटणी फार वेळ टिकत नाहीं. यमूचा प्रश्न हरिभाऊंनीं घरीं ठेविला नाहीं. तो ते बरोबर घेऊनच इतिहासांत शिरले.

त्यांच्या पूर्वींची मराठी कादंबरी कशी होती हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालीं आली आणि तिच्या पाठोपाठ अद्भुतरम्य कथांची एक रांगच लागली. या कथांतील नायिका रूपवती, सुशील आणि पतिव्रता असे. दुष्टानें तिला पळवावें, नायकानें तिला शोधावें, वियोगांत तिनें अश्रु ढाळावे आणि शेवटीं सर्वांचें गोड व्हावें, एवढाच तिचा कथेंतील व्यापार. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या 'मोचनगड' या कादंबरीनें १८७१ सालीं कथेला शिवकालाची भूमि मिळवून दिली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु नायिकेला स्वतःचें मन आहे आणि त्या मनावर कथा फिरूं शकते, ही दृष्टि यावयास अद्याप अवकाश होता.

ती दृष्टि हरिभाऊंना यमूपासून लाभली. ज्या सुमारास यमूची कहाणी छापली जात होती, त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचें शारदासदन मुंबईहून पुण्यास आलें होतें आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून सारें पुणें खवळलें होतें. मुलीच्या देहावर अधिकार कोणाचा, यावर सभा भरत होत्या, अग्रलेख झडत होते. मात्र त्या मुलीला कोणी विचारीत नव्हतें. हरिभाऊंनीं वाद घातला नाहीं; त्यांनीं त्या मुलीलाच बोलूं दिलें. पतीनें तिला लिहावयावाचावयास शिकविलें, मुंबईच्या बिऱ्हाडीं दोन दिवस सुखाचे दाखविले. आणि तो जातांच घरच्याच माणसांनीं तिचें केशवपन केलें. यमूला 'नाहीं' म्हणतां येत होतें, पण त्या 'नाहीं'ला घरांत किंमत नव्हती. कादंबरीच्या नांवांतील प्रश्न तोच आहे.

आतां ऐतिहासिक कादंबरी रचण्याची हरिभाऊंची रीत पाहूं. इंग्लंडांत सर वॉल्टर स्कॉट यानें १८१४ पासून जी वाट पाडली होती, तीच त्यांनीं आपली केली. इतिहासप्रसिद्ध राजा पाठीमागें ठेवावयाचा आणि ज्यांचीं नांवें बखरींत नाहींत अशीं कल्पित माणसें पुढें आणावयाचीं. 'उषःकाल'मध्यें शिवराय आहेत, पण वाचकाचा जीव गुंततो तो विजापूरच्या चाकरींत इमान मानणाऱ्या वृद्ध किल्लेदारांत आणि स्वराज्याकडे ओढल्या जाणाऱ्या त्याच्या तरुण मुलांत. राज्यक्रांति म्हणजे केवळ लढाई नव्हे. ती एका घरांत, बापलेकांच्या मध्यें प्रथम घडते, हें हरिभाऊंनीं ओळखलें होतें. कल्पित पात्रांना पुढें आणण्यांत दुसराहि एक लाभ होता. बखरकारांनीं स्त्रियांविषयीं फार थोडें लिहिलें आहे. जेथें कागद मुके होते, तेथें कादंबरीकारास मोकळीक होती.

ही मोकळीक 'रूपनगरची राजकन्या' या कादंबरींत स्पष्ट दिसते. औरंगजेब बादशहाची मागणी नाकारून रूपनगरच्या राजकन्येनें मेवाडच्या राणा राजसिंहास आपल्या रक्षणार्थ बोलाविलें, ही कथा कर्नल टॉडच्या राजस्थानच्या इतिहासांत आहे आणि बंगालींत बंकिमचंद्रांनींहि 'राजसिंह' या कादंबरीसाठीं ती घेतली होती. हरिभाऊंना ती कां रुचावी, हें सांगावयास नको. येथें एक मुलगी आपला वर आपण निवडते, साऱ्या हिंदुस्थानच्या धन्याला 'नाहीं' म्हणते, आणि त्या 'नाहीं'साठीं एक राजा तलवार उपसतो. यमूच्या शब्दाला तिच्या घरचे लोक किंमत देत नव्हते. राजकन्येच्या शब्दासाठीं फौजा हालल्या. पुण्याच्या वाड्यांत त्या काळीं जें घडूं शकत नव्हतें, तें राजपुतान्याच्या डोंगरांत घडलेलें दाखवितां येत होतें.

परंतु येथेंच एक अडचणीची गोष्ट आहे आणि ती झांकून ठेवणें हरिभाऊंच्या मोठेपणास शोभणार नाहीं. १९०३-०४ च्या सुमारास आलेली 'गड आला पण सिंह गेला' ही त्यांची बहुधा सर्वांत लोकप्रिय कादंबरी. पुरंदरच्या १६६५ च्या तहांत मोंगलांकडे गेलेला कोंढाणा तानाजीनें १६७० च्या फेब्रुवारींत परत घेतला, हा तिचा ऐतिहासिक आधार. कादंबरीची नायिका कमलकुमारी मात्र कल्पित. ही रजपूत तरुणी पतीमागें सती जावयास निघालेली असतां उदयभानु तिला बळानें हिरावून नेतो, कोंढाण्यावर आणून ठेवतो आणि विवाहासाठीं तिचा छळ आरंभितो. मावळ्यांचा कड्यावरचा हल्ला आणि त्या अबलेची सुटका यांची सांगड घालून हरिभाऊंनीं कथेला विलक्षण वेग दिला आहे. अंधारांत दोर सोडला जातो, तेव्हां वाचकाला किल्ल्याइतकीच तिचीहि काळजी वाटत असते.

कमलकुमारीचा निर्धार अढळ आहे. जुलमी किल्लेदारापुढें ती नमत नाहीं. पण ती ज्यासाठीं झगडते तें काय? तर चितेवर चढण्याचा आपला हक्क. ज्या लेखणीनें विधवेच्या केशवपनाचा प्रसंग अशा रीतीनें रंगविला कीं वाचणाऱ्याच्या अंगावर कांटा यावा, त्याच लेखणीनें सहगमनाचा निश्चय येथें गौरवानें वर्णिला आहे. सतीची चाल कायद्यानें १८२९ सालींच बंद झाली होती. म्हणून कोणी या कादंबरीनें बिघडेल अशी भीति नव्हती. तरीहि यमूच्या जनकाकडून हें कसें घडलें, हा प्रश्न उरतोच.

त्याचें एक उत्तर असें दिलें जातें कीं, ऐतिहासिक कादंबरीकारानें त्या काळच्या माणसांच्या मनांत शिरलें पाहिजे. सतराव्या शतकांतील रजपूत स्त्रीच्या तोंडीं एकोणिसाव्या शतकांतील सुधारकाची भाषा घालणें हा दोषच झाला असता. हें खरें आहे, पण पुरेसें नाहीं. पात्राचें मन त्या काळचें असावें. त्यावर लेखकाची दृष्टिहि त्या काळचीच असावी असें नाहीं. स्वराज्याच्या वीररसांत कादंबरीकाराच्या अंगांतील सुधारक क्षणभर बाजूस सरला, हेंच कबूल करणें प्रामाणिकपणाचें होईल. दर आठवड्यास मजकूर पुरविणारा तो लेखक होता; त्याच्या 'आजच'सारख्या कांहीं कादंबऱ्या तर अपूर्णच राहिल्या. प्रत्येक प्रकरण पुन्हां तोलून पाहण्याइतकी फुरसत त्यास कोठून मिळणार?

आणि तरी तो प्रश्न त्यांच्या मनांतून गेला नव्हता. याच काळांतील 'चंद्रगुप्त' या कादंबरींत मुरादेवी ही नंदाची राणी पाहावी. खोट्या आळानें दूर लोटलेली आणि पुत्राला मुकलेली ही स्त्री सूडाला पेटते. चाणक्य तिच्या दुःखाचा उपयोग करून घेतो, आणि अखेर पतीविषयींचें प्रेम जागें होतें तेव्हां वेळ टळून गेलेली असते. ती देवी नाहीं, राक्षसीहि नाहीं. अन्याय झालेली एक बाई आहे.

या साऱ्याचा कळस 'वज्राघात' या १९१३ ते १९१५ मधील कादंबरींत होतो. विजयनगरचें साम्राज्य १५६५ सालीं चार शाह्यांच्या एकजुटीपुढें कोसळलें आणि रामराजा रणांत मारला गेला. इतिहास त्याचीं कारणें दरबारांत आणि छावणींत शोधतो. हरिभाऊ आणखी एक कारण कल्पितात. तरुणपणीं रामराजानें मेहेरजान या मुसलमान युवतीवर प्रेम केलें आणि राज्यलोभानें तिला टाकून दिलें. त्या प्रेमाचा पुत्र विजापूरच्या आश्रयास वाढला, आणि वर्षांनंतर त्याच दरबाराचा वकील म्हणून विजयनगरांत आला. बाप मुलास ओळखीत नाहीं, मुलगा बापास जाणत नाहीं. येथें शत्रूच्या बाजूची, परधर्माची स्त्री कथेच्या केंद्रस्थानीं आहे, आणि वाचकाची सहानुभूति तिच्याकडे जाते. साम्राज्याच्या पायांत एका स्त्रीचा विश्वासघात चिणलेला होता, म्हणून तें ढासळलें, असा या कथेचा भाव आहे. इतिहासकार हें कारण मान्य करणार नाहीं. पण कादंबरीकाराला त्याची संमति नकोच होती.

हरिभाऊ १९१९ च्या मार्चमध्यें निवर्तले. नाथमाधवांसारख्या पुढील लेखकांनीं ऐतिहासिक कादंबरीचा प्रवाह मोठा केला. किल्ले, भुयारें आणि गुप्त खलिते यांना तोटा राहिला नाहीं. तें सारें हरिभाऊंपासून उचलतां येण्याजोगें होतें. एक गोष्ट मात्र सहज उचलतां येत नव्हती. राज्यें कोणी मिळविलीं आणि कोणीं घालविलीं हें विचारीत असतां, त्या राज्यांतील एका बाईच्या शब्दाकडे लक्ष कोणी दिलें होतें काय, हेंहि ते विचारीत. कमलकुमारीच्या बाबतींत त्यांना उत्तर नीट सांपडलें नाहीं. मेहेरजानच्या बाबतींत सांपडलें. आणि विचारण्याची ती रीत त्यांना कोणत्याहि बखरकारानें नव्हे, तर पुण्याच्या वाड्यांतील यमूनें शिकविली होती.