चिठ्ठी, खण आणि मोबाइल

१८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मधल्या दशकात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले होते. ही घट ज्या जनगणनेत दिसली, तिचे साधनही नवे होते. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची, धर्मानुसार तिच्या कागदाचा रंग वेगळा. चिठ्ठ्या खणांत टाकून मोजायच्या, पुन्हा एकत्र करून दुसऱ्या निकषाने वेगळ्या करायच्या.

पन्नाशीत अकोल्यात बसून एक्सेलमधले पिव्होट टेबल शिकताना मला ही पद्धत ओळखीची वाटली. तिथेही ओळी अशाच खणांत पडतात.

पातूर-बाळापूरकडच्या मुलाखती मी कोबो टूलबॉक्सवर नोंदवतो. गावात नेटवर्क नसले तरी मोबाइलवर नमुना भरता येतो. ‘व्यवसाय’ या प्रश्नाखाली शेतकरी, मजूर, गृहिणी असे पर्याय असतात. घरच्याच वावरात निंदण करणारी, कापूस वेचणारी बाई सातबाऱ्यावर नाव नसल्याने सहज ‘गृहिणी’च्या खणात जाते. तिचे श्रम मग कोणत्याच कोष्टकात सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक पर्यायाखाली मी तिचेच शब्द लिहायला मोकळी जागा ठेवली आहे.

येती जनगणना डिजिटल असेल आणि तीत जातीही नोंदल्या जातील, असे जाहीर झाले आहे. बेरीज क्षणात होईल. पण खण कोणी आखले, हे १९०१इतकेच आजही विचारावे लागेल.