पंगतीबाहेरचा गोलंदाज

मैदानावर सर्व सारखे, असें आपण मुलांना मोठ्या हौसेनें शिकवितों. या वचनाची कसोटी पाहावयाची असेल, तर बाळू पालवणकर यांचें चरित्र आठवावें.

चर्मकार कुटुंबांत जन्मलेल्या बाळूंनीं पुण्यास आरंभीं खेळपट्टीची निगा राखण्याचें काम केलें. युरोपियन जिमखान्यांत ग्रेग यांना सरावासाठीं चेंडू टाकतां टाकतां त्यांची डावखुरी मंदगति गोलंदाजी तयार झाली. पुढें पुण्याच्या हिंदु संघास त्यांची गरज भासली. युरोपियनांना हरविण्याची ईर्षा सोंवळ्याहून प्रबळ ठरली. पण ती मैदानापुरतीच. त्यांनीं टाकलेला चेंडू सर्व जण हातीं घेत. चहा मात्र त्यांना बाहेर मातीच्या भांड्यांत मिळे आणि जेवणाचें पान वेगळें मांडलें जाई.

१९०६ सालीं हिंदु संघानें मुंबईस युरोपियनांना १०९ धावांनीं हरविलें, त्या संघांत बाळू व त्यांचे बंधु शिवराम होते. १९११ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूंनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. त्याच वर्षीं क्यूबाचे आल्मेडा व मार्सान्स हे बेसबॉलपटू अमेरिकेंतील सिनसिनाटीच्या संघांत आले. मात्र ते शुद्ध स्पॅनिश रक्ताचे आहेत, अशी ग्वाही द्यावी लागली. त्यांचा देशबांधव होसे मेंडेझ यानें १९०८ सालीं हवानांत याच सिनसिनाटीस एकही धाव घेऊं दिली नव्हती. पण तो कृष्णवर्णी, म्हणून मोठ्या लीगचें दार त्यास बंदच राहिलें. १९४७ सालीं जॅकी रॉबिन्सन यांनीं तें उघडलें आणि १९४९ सालीं क्यूबाचा कृष्णवर्णी मिन्योसो त्यांतून आंत गेला.

आपल्याकडे दार उघडें होतें. परंतु उंबऱ्यावरच थांबविण्याची रीत होती. बाळूंना संघांत जागा मिळाली, कर्णधारपद कधीं मिळालें नाहीं. १९१३ सालीं तें पद मिळालेल्या पै यांनींच हा मान बाळूंचा असल्याचें बोलून दाखविलें. १९२० सालीं बाळूंना वगळून त्यांचे बंधु विठ्ठल यांचाही हक्क डावलला गेला, तेव्हां विठ्ठल व शिवराम यांनीं खेळण्यास साफ नकार दिला. लोकमत हाललें, बाळू उपकर्णधार झाले. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षीं हिंदु संघ विजयी ठरला.

पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीनें जें दिलें नाहीं, तें दोन भावांच्या नकारानें मिळविलें. गुणाची गरज पडते तेव्हां समाज हात पुढें करतो. पण मान द्यावयाची वेळ आली कीं तो हात आंखडतो. टाळ्या वाजविणाऱ्यांनीं हें विसरूं नये.