डॉसच्या चौकटीतली देवनागरी

महाविद्यालयातील मराठी विभागाचे जुने कपाट आवरताना फ्लॉपींचा एक गठ्ठा हाती लागला. सांगलीतल्या एका जाणकाराकडे तो नेला, तेव्हा नवल वाटावे असे घडले. डॉसच्या काळातला मजकूर थोड्या खटपटीने वाचता आला. त्यानंतरच्या विंडोजवरील मजकुराच्या जागी मात्र रोमन अक्षरांचा नुसता चिवडा दिसला. जुने टिकावे आणि नवे हरवावे, हे कसे?

१९८० साली सिएटलच्या टिम पॅटरसन यांनी गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एमच्या धर्तीवर एक छोटी कार्यप्रणाली लिहिली. मायक्रोसॉफ्टने ती १९८१ मध्ये विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर ती डॉस म्हणून बाजारात आली. तिचा पडदा २५ ओळींचा, ओळीत ८० चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत २५६ ठरावीक चिन्हांपैकी एक. सुटी सुटी रोमन अक्षरे तिथे सुखाने नांदली. उच्चारात मागाहून येणारी, पण लिहिताना व्यंजनाच्या आधी बसणारी आपली ऱ्हस्व वेलांटी, किंवा एकमेकांत मिसळणारी जोडाक्षरे यांना तिथे जागाच नव्हती.

वाट निघाली ती आयआयटी कानपूरमध्ये. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे विकसित केलेले जिस्ट तंत्रज्ञान पुढे पुण्यात आले, ते १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये. जिस्टचे कार्ड संगणकात बसवले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या मुळात इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी उमटू लागे. अक्षरे जुळवून पडद्यावर काढण्याचे काम कार्ड करी. डॉसला त्याचा पत्ताही नसे.

खरी दृष्टी होती ती त्यामागच्या इस्की या संकेतप्रणालीत. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला प्रमाण मानले. तिच्यात अक्षराचा आकार नव्हे, तर वर्ण साठवला जातो. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष. त्यामुळे तेच संकेत लिपी बदलताच आमच्या शेजारच्या कन्नडमध्येही दिसू शकत. पाणिनीच्या वारशाला साजेसाच हा विचार होय.

पुढे विंडोजवर देखण्या फाँटांचे दिवस आले. रोमन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धे वर्ण यांचे तुकडे बसवले गेले, आणि तेही प्रत्येक कंपनीने आपापल्या पद्धतीने. छपाई सुबक झाली, पण फाँट नसेल तर मजकूर निरर्थक ठरू लागला. युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली. म्हणूनच इस्कीतला मजकूर आज युनिकोडमध्ये सहज आणता येतो. फाँटांतला मजकूर आणायचा, तर प्रत्येकाची वेगळी किल्ली शोधावी लागते. विंडोज २००० पासून ही देवनागरी कार्यप्रणालीतच आली.

तोवरच्या वर्षांत टंकलिखित झालेले कितीतरी प्रबंध, लेख आणि अंक अशाच कपाटांत पडून असतील. जुन्या पोथ्यांची सूची आपण निष्ठेने करतो. या फ्लॉपींची सूची करण्याची वेळही आली आहे. कारण त्यांवरचा चुंबकीय थर पोथीच्या कागदाइतका दीर्घायुषी नाही.