प्लांट प्रोटीन पावडर घेताय? पथ्य असेल तर डब्याची मागची बाजू आधी वाचा

डब्यावर हिरवं पान, 'शंभर टक्के प्लांट बेस्ड' अशी मोठी अक्षरं आणि खाली '२४ ग्रॅम प्रोटीन'. इन्स्टाग्रामवर अशी जाहिरात दिसली की वाटतं, वनस्पतीपासून केलंय म्हणजे सगळ्यांना चालणारच. पण ज्यांना दूध पचत नाही, गहू चालत नाही, ज्यांना किडनीचा किंवा पोटाचा त्रास आहे, त्यांच्यासाठी हे गृहीत धरणं महागात पडू शकतं. पथ्य असलेल्या माणसाने पावडर कशी निवडायची, ते समजून घेऊ.

आधी प्रश्न : पावडर लागतेच का?

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. म्हणजे ६० किलो वजन असेल तर साधारण ५० ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत अंदाजे २४ ग्रॅम, तेवढ्याच शेंगदाण्यांत २५ ग्रॅम आणि सोया चंक्समध्ये ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. याच संस्थांनी २०२४च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट घेणं टाळा, असंच सांगितलंय.

मग पावडरचा उपयोग कोणाला? पथ्यामुळे ज्यांच्या ताटातले प्रोटीनचे बरेच पदार्थ एकदम कमी झालेत, त्यांना. दूध, पनीर, अंडी बंद आहेत आणि डाळी-उसळी खाल्ल्या की पोट फुगतं, अशा वेळी पावडरचा आधार होऊ शकतो. फक्त गहू बंद असेल तर ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, दही यांतून बहुतेकांचं भागतं.

कशापासून बनवलीय, हे का बघायचं?

बाजारात वाटाणा, सोया, तांदूळ, भोपळ्याच्या बिया आणि हेम्प यांची पावडर मिळते. वाटाण्यासारख्या कडधान्यांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं, तर तांदळात लायसिन कमी. दोन्ही एकत्र केले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरण-भातामागचं गणित हेच आहे. म्हणून बऱ्याच डब्यांत वाटाणा आणि तांदळाचं मिश्रण असतं. सोयाचं प्रोटीन एकटंही पुरेसं दर्जेदार मानलं जातं.

'आयसोलेट' आणि 'कॉन्सन्ट्रेट' हे शब्दही महत्त्वाचे आहेत. आयसोलेटमध्ये पिष्ट आणि तंतू बरेचसे काढलेले असतात, त्यामुळे प्रोटीनचं प्रमाण जास्त असतं. डाळींनी ज्यांना गॅस होतो, त्यांना कॉन्सन्ट्रेटपेक्षा आयसोलेट सहसा सोसतं.

तुमचं पथ्य कोणतं, त्यानुसार काय तपासायचं?

दूध चालत नसेल किंवा व्हीगन असाल : हिरवा ठिपका पाहून थांबू नका. तो ठिपका 'शाकाहारी' सांगतो आणि आपल्याकडे दूध शाकाहारातच येतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे २०२२चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांचं इंग्रजी 'व्ही' अक्षर असलेलं वेगळं हिरवं चिन्ह आहे. तरी घटकांची यादी वाचाच. बऱ्याच उत्पादनांतलं डी-३ जीवनसत्त्व मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून केलेलं असतं. दुधाची ॲलर्जी असेल तर 'दुधाचा अंश असू शकतो' ही ओळ शोधा. दूध नुसतं पचत नसणं आणि दुधाची ॲलर्जी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जीत अगदी थोडा अंशही घातक ठरू शकतो.

सीलिॲक आजार असेल : 'ग्लुटेन-फ्री' लिहिण्यासाठी एफएसएसएआयची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची आहे. हा दावा डब्यावर स्पष्ट हवा. वाटाण्यात ग्लुटेन नसतं, पण माल्ट, बार्ली किंवा गव्हाचं प्रोटीन मिश्रणात असू शकतं. ओट्स असतील तर तेही ग्लुटेन-फ्री असल्याचा उल्लेख हवा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असेल : शेंगदाणा आणि वाटाणा एकाच कुळातले. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या काहींना वाटाण्याच्या प्रोटीनचाही त्रास होतो. भारतात लेबलवर ज्या ॲलर्जीकारक घटकांची सूचना सक्तीची आहे, त्यात शेंगदाणा आणि सोया आहेत, वाटाणा नाही. त्यामुळे ठळक सूचनेवर विसंबू नका, पूर्ण यादी वाचा.

आयबीएस किंवा सतत पोट फुगत असेल : इन्युलिन, चिकोरी रूट, सॉर्बिटॉल, झायलिटॉल हे शब्द दिसले तर सावध व्हा. कित्येकदा दोष प्रोटीनचा नसतो, या घटकांचा असतो.

मधुमेह असेल : 'नो ॲडेड शुगर' लिहिलेल्या डब्यातही माल्टोडेक्स्ट्रिन असू शकतं. ती नावाला साखर नसली, तरी रक्तातली साखर झपाट्याने वाढवते.

जैन पथ्य पाळत असाल : चिकोरी रूट, बीटरूटचा रंग, टॅपिओकापासूनचं माल्टोडेक्स्ट्रिन, बटाट्याचं प्रोटीन, अश्वगंधा. हे सगळं कंदमुळांतून येतं आणि डब्यावर हिरवा ठिपका असतोच. माल्टोडेक्स्ट्रिन कशाचं आहे हे लिहिलेलं नसेल, तर कंपनीला विचारा.

जी-सिक्स-पीडीची कमतरता असेल : काही नव्या मिश्रणांत फावा बीन म्हणजे बाकल्याचं प्रोटीन असतं. या कमतरतेत बाकल्यामुळे तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. असा डबा घेऊ नका.

कोणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये?

किडनीचा आजार असणाऱ्यांनी. केडीआयजीओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किडनीचं कार्य बऱ्यापैकी कमी झालेल्या प्रौढांनी प्रोटीन दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवावं आणि १.३ ग्रॅमच्या वर जाणं टाळावं. डायलिसिस सुरू असेल तर गरज उलट वाढते. म्हणजे एकाच आजाराच्या दोन टप्प्यांत सल्ला वेगळा. शिवाय पावडरमध्ये पोटॅशियम आणि फॉस्फरस असतं आणि ते किती आहे, हे लेबलवर छापण्याची सक्ती नाही.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही सोया पावडर आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचं ते विचारावं, कारण सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालक, केल अशा पालेभाज्यांची पूड घातलेली 'ग्रीन' मिश्रणं टाळावीत किंवा आधी विचारावं. त्यातलं के जीवनसत्त्व औषधाचा परिणाम कमी करतं.

लेबलवरचा आकडा खरा असतो का?

नेहमीच नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी करून २०२४ मध्ये 'मेडिसिन' या नियतकालिकात अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७० टक्के उत्पादनांवर प्रोटीनची माहिती चुकीची निघाली.

दुसरा मुद्दा जड धातूंचा. झाडं जमिनीतून शिसं आणि कॅडमियम शोषून घेतात. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये तिथल्या २३ उत्पादनांची तपासणी केली, तेव्हा वनस्पतीजन्य पावडरमध्ये दुधापासूनच्या पावडरपेक्षा सरासरी नऊपट शिसं आढळलं. हे निष्कर्ष भारतीय डब्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण तुमच्या बॅचचा जड धातूंचा तपासणी अहवाल कंपनीकडे मागणं योग्यच आहे. गरोदर स्त्रिया आणि मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पावडर नकोच.

दोन डब्यांची तुलना कशी करायची?

समजा, दोन्ही डब्यांवर 'एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन' लिहिलंय. पहिल्याचा स्कूप ४० ग्रॅमचा, दुसऱ्याचा ३० ग्रॅमचा. म्हणजे पहिल्यात ६० टक्के प्रोटीन, दुसऱ्यात ८० टक्के. पहिल्या स्कूपमधले उरलेले १६ ग्रॅम कशाचे, हा पथ्य असलेल्या माणसासाठी खरा प्रश्न आहे.

आता किंमत. ५०० ग्रॅमचा पहिला डबा १,२०० रुपयांना आणि दुसरा १,५०० रुपयांना असेल, तर पहिल्यात एक ग्रॅम प्रोटीन ४ रुपयांना पडतं आणि दुसऱ्यात ३ रुपये ७५ पैशांना. महाग दिसणारा डबा प्रत्यक्षात स्वस्त निघाला.

खरेदीआधीची पाच मिनिटं

- डब्यावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आहे का?
- घटकांची यादी छोटी आणि समजेल अशी आहे का?
- 'प्रोप्रायटरी ब्लेंड' म्हणून प्रमाण लपवलेलं तर नाही ना?
- ग्लायसिन, टॉरिन वेगळे घातलेत का? नायट्रोजन मोजणाऱ्या चाचणीत त्यामुळे प्रोटीनचा आकडा फुगू शकतो.
- तुमच्या पथ्याचा शब्द यादीत किंवा ॲलर्जीच्या सूचनेत आहे का?

पहिल्यांदा घेताना छोटं पाकीट घ्या आणि अर्ध्या स्कूपने सुरुवात करा. त्या आठवड्यात दुसरा कोणताही नवा पदार्थ सुरू करू नका, म्हणजे त्रास झालाच तर कशाने झाला ते कळेल. ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जाताना डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत न्या. जाहिरातीपेक्षा त्यांना त्याचाच उपयोग होईल.