संपाचा हक्क आणि १९३८ चा मुंबईचा कायदा

मजुराने काम थांबवणे हा केवळ कराराचा भंग की दंडनीय गुन्हा, या एकाच प्रश्नाभोवती आपल्या देशातील कामगार-कायद्यांचा इतिहास फिरत आलेला आहे. १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वये, आगाऊ रक्कम उचलून काम टाकणारा मजूर मॅजिस्ट्रेटचा हुकूम न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत कैदेस पात्र ठरे. आणि हा अन्याय्य कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरेपर्यंत कित्येक पिढ्या त्याखाली भरडल्या गेल्या. १९२६ च्या कायद्याने नोंदणीकृत कामगार-संघांना कटाच्या आरोपापासून संरक्षण लाभले खरे; परंतु १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप होताच, पुढल्याच वर्षी सार्वजनिक सेवांतील बिननोटिशीच्या संपावर शिक्षा आली.

तथापि सर्वांत उद्बोधक प्रसंग १९३८ चा. खेर मंत्रिमंडळाने समेटाची कार्यवाही पुरी होण्यापूर्वीचा संप बेकायदा ठरवणारे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी असे प्रतिपादन केले की, सेवेचा करार मोडणे ही फार तर दिवाणी बाब असून, त्यासाठी शिक्षा देणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय. त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट, एरवी परस्परांचे कठोर टीकाकार, ७ नोव्हेंबर रोजी एकदिवसीय संपात एकत्र आले. पोलिसांनी गोळीबारही केला. विधेयक तरीही संमत झाले. लोकनियुक्त सरकारने, आपल्याच मतदारांपैकी सर्वांत दुर्बलांविरुद्ध दंडशक्ती उगारावी, ही त्या मंत्रिमंडळाची गंभीर चूक होती, असेच माझे मत आहे.