शनिवारी घाणा थांबे

कर्जतहून लोकलने मुंबईस जाताना शेवटचे स्टेशन येण्याआधी ‘मशीद’ नावाचे स्टेशन लागते. हे नाव तेथील कोणा मुसलमानी मशिदीवरून पडले असावे, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु जवळच मांडवी भागात १७९६ साली बांधलेले यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. ते मंदिर बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे गृहस्थ आपल्याच कोकणातले. कंपनी सरकारच्या पलटणीत असताना ते टिपूच्या कैदेत सापडले होते. तेथून सुटून आल्यावर त्यांनी हे मंदिर बांधले. आपल्या शेजारच्या पनवेलातही त्यांच्या समाजाचे मंदिर आहे, ते १८४९ चे. या समाजाला बेने इस्राएल म्हणतात. त्यांची हकीकत आपल्या मंडळातील भगिनींना ठाऊक असावी, म्हणून हा लेख.

या लोकांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांचे पूर्वज समुद्रमार्गे येत असता अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या किनाऱ्यावर पुरले. ती जागा आजही दाखवितात. धर्मग्रंथ, भांडीकुंडी, सारे पाण्यात गेले. जगलेल्यांनी गावोगाव वस्ती केली आणि तेलाचा घाणा हा धंदा धरला. वस्तीच्या गावावरून आडनावे पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, झिराड. बोली मराठी झाली. बायकांच्या अंगावर लुगडे, हातात बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र आले. लग्नात मेंदी आली. शेजाऱ्यांना जे रुचणार नाही ते गोमांसही त्यांनी वर्ज्य केले.

मग त्यांचे स्वतःचे असे उरले काय? शनिवारी ते घाणा चालवीत नसत. आपल्याकडील हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवीत, हे लोक शनिवारी. म्हणून गावात त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. हातावर पोट असणाऱ्याने आठवड्यातून एक दिवस धंदा बंद ठेवायचा म्हणजे काय, हे घर चालविणाऱ्या बाईला निराळे सांगावयास नको. मुलाची आठव्या दिवशी सुंता करीत. ईश्वर एकच आहे असे सांगणारी एक प्राचीन प्रार्थना त्यांना तोंडपाठ होती. तिचा अर्थ जरी विस्मृतीत गेला होता, तरी जन्म, लग्न, मरण या प्रत्येक प्रसंगी ती म्हणत. ना ग्रंथ, ना मंदिर, ना उपाध्याय, एवढ्यावरच त्यांचा धर्म टिकला.

सणांची नावेदेखील मराठी झाली. वर्षारंभाला ‘नव्याचा सण’ म्हणत. मोठ्या उपवासाच्या दिवशी दारे लावून घरात बसत, त्याला ‘दारफळणीचा सण’ म्हणत. जेरुसलेमचे देऊळ पडले त्या दुःखाच्या उपवासाचे नाव ‘बिरड्याचा सण’, कारण उपवास बिरड्यावर सोडीत. आपल्याकडील वालाचे बिरडे कोणाला माहीत नाही! हजारो मैलांवरचे देऊळ, आणि त्याची आठवण ठेवायची ती आपल्या कोकणच्या भाजीने. नवस फेडायचा तर ‘मलिदा’ करीत, अजूनही करतात. पोहे, ओले खोबरे, गोड आणि फळे ताटात मांडून एलिया या प्रेषिताचे स्मरण करतात. अलिबागकडे सागावनजीक खंडाळा येथे खडकावर एक खूण आहे. एलियाचा रथ तेथूनच आकाशात गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. ताटातले पोहे आपलेच, खडक आपल्याच जिल्ह्यातला, आणि देव मात्र त्यांच्या वाडवडिलांचा.

यांच्याविषयी मला सर्वांत आवडणारी कथा माशांची आहे. पुढे केव्हातरी डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान यहुदी कोकणात आला. हे लोक शनिवार पाळतात हे पाहून त्याला वाटले, हे आपलेच बांधव असावेत. पण खात्री कशी करावी? लिहिलेले तर काहीच नव्हते. त्याने त्यांच्या बायकांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली आणि रांधावयास सांगितले. बायकांनी पंख व खवले असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. यहुदी शास्त्रात तोच नियम सांगितला आहे. तेव्हा रहाबीची खात्री पटली. त्याने झिराड, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून धर्मकार्याचे काजी नेमले. ही कथा परंपरेची आहे, तिला कागदाचा आधार मागू नये. परंतु समाजाने ती पिढ्यान्पिढ्या सांगितली, यावरून एक गोष्ट दिसते. धर्म कोणी राखला असे विचारले, तर त्या लोकांनी विळीवर बसलेल्या बायकांकडे बोट दाखविले.

पुढे इंग्रजी अमलात मिशनऱ्यांनी शाळा काढल्या व जुना करार मराठीत आणला. डॉ. जॉन विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीत लिहिले, ते १८३२ साली छापले. मिशनऱ्यांची इच्छा हे लोक ख्रिस्ती व्हावेत अशी होती. झाले उलटेच. फार थोडे तिकडे गेले. बाकीच्यांनी त्याच पुस्तकांतून आपला हरवलेला धर्म वाचून घेतला. १८८० च्या सुमारास मुंबईत त्यांनी मराठी कीर्तने सुरू केली. हरदासी थाटात मोशे व योसेफ यांची आख्याने होऊ लागली. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी समाजाच्या मुलांसाठी १८७५ साली मुंबईत शाळा काढली आणि समाजाचा इतिहासही लिहून ठेवला. झिराड गावाचे नाव लावणाऱ्या घराण्यातील डॉ. जेरुशा झिराड (१८९० ते १९८४) यांनी मुंबईच्या कामा हॉस्पिटलात हजारो बायकांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत म्हणून आयुष्य घातले. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तरी या समाजाला काठावरच उभे राहावे लागले. गावात ते तेली. मुंबईत बगदादकडून आलेले श्रीमंत यहुदी त्यांना आपल्या बरोबरीचे मानीनात. १८३६ साली त्यांनी स्मशानभूमीत दोघांच्या कबरींमध्ये भिंत घालावी असा अर्ज केला होता. आणि हेही लिहिले पाहिजे की, खुद्द बेने इस्राएलांतही ‘गोरे’ व ‘काळे’ असा भेद होता. परक्या जातीच्या आईची संतती म्हणून काळ्यांशी सोयरीक करीत नसत. ज्यांना दुसऱ्यांनी दूर ठेवले, त्यांनीही कोणाला तरी दूर ठेवले.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले तेव्हा येथे त्यांची संख्या सुमारे वीस हजार होती. त्यांतील बहुतेक तिकडे गेले. आज आपल्याकडे काही हजारच उरले आहेत. आपल्या माणसांत चाललो या आनंदाने ते गेले, पण तेथेही प्रश्न उभा राहिला. १९६२ साली तेथील धर्मपीठाने हुकूम काढला की, बेने इस्राएलाचे लग्न लावण्यापूर्वी त्याची आई, आजी, पणजी यहुदीच होती का, हे मागे जाता येईल तेवढे तपासावे. ज्या आजीने पेणच्या किंवा रोह्याच्या घरात जन्मभर शनिवार पाळला, तिचा दाखला आणायचा कोठून? या लोकांनी जेरुसलेमात धरणे धरले, उपोषण केले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेने ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे जाहीर केले, व धर्मपीठास आपल्या हुकुमातून त्यांचे नाव काढावे लागले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी रक्ताची परीक्षा करून लिहिले की, त्यांच्यात यहुदी व हिंदी दोन्ही वंश मिसळले आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने यहुदी समाजाला अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

मला वाटते, त्या परीक्षेने जे दाखविले ते मलिद्याच्या ताटात आधीच दिसत होते. दोन्हीकडचे असणे म्हणजे कोठलेच नसणे, असे आपण सहज म्हणतो. या लोकांनी मात्र दोन्ही घरे मनापासून सांभाळली. पलीकडे गेलेली माणसे अजून मराठी बोलतात, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक त्यांनी तेथे काढले. ज्या देशात आपले म्हणवून घेण्यासाठी झगडावे लागले, तेथेच त्यांनी कोकणची भाषा जपली.

आपल्या कर्जत-खालापुरातही काठावरची माणसे पुष्कळ आहेत. कातकरी वाडीतल्या बाया, खोपोलीच्या कारखान्यांमागून आलेली परप्रांतीय कुटुंबे, नव्या इमारतींतील शेजारणी, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी आपण होऊन घरात बसणाऱ्या आपल्याच विधवा भगिनी. त्यांना कोण, कोठल्या, असे आपण विचारतो, ते पुष्कळदा दारातच. मंडळापुढे माझी सूचना अशी आहे की, येत्या संक्रांतीला निमंत्रणाची यादी करताना या घरांची नावे आधी लिहावीत. आणि पुढील सहल पनवेलला काढावी, तेथल्या समाजाची रीतसर परवानगी घेऊन ते जुने मंदिर पाहावे. शनिवार मात्र टाळावा. तो त्यांच्या विश्रांतीचा दिवस आहे.