वर्तुळाबाहेरचा भारत

आकाशवाणीच्या इतिहासात एक वाक्य हमखास वाचायला मिळते. १९४७ साली स्वतंत्र भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आणि अठरा प्रक्षेपक आले आणि त्यांचे कार्यक्रम देशाच्या २.५ टक्के क्षेत्रात, ११ टक्के लोकांपर्यंत पोचत होते. परकीय राजवटीच्या अनास्थेचे उदाहरण म्हणून हा आकडा आपण वर्गात सांगतो. सांगायला हरकत नाही. पण त्याच वर्षी ज्याच्याकडे लघुलहरींचा (शॉर्ट वेव्हचा) बरा सेट होता, त्याला दिल्लीच्या बातम्या देशाच्या जवळजवळ कोणत्याही भागात ऐकता येत होत्या. मग हे २.५ टक्के कशाचे?

थोडे गणित करू. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२.९ लाख चौरस किलोमीटर. त्याचे २.५ टक्के म्हणजे सुमारे ८२ हजार. सहा केंद्रांत वाटले तर प्रत्येकी १३,७०० चौरस किलोमीटर, म्हणजेच सुमारे ६६ किलोमीटर त्रिज्येचे एक वर्तुळ. मध्यम लहरींच्या त्या काळच्या प्रक्षेपकाचा आवाज रात्रंदिवस, खरखर न होता ऐकू यावा, तर साधारण एवढाच पल्ला धरता येतो. हा आकडा मध्यम लहरींच्या वर्तुळांचा असावा, असे आम्हाला वाटते. बारा लघुलहरी प्रक्षेपकांची कामगिरी त्यात दिसत नाही.

मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात आणि जाताजाता जमीन त्यांची ऊर्जा खाते. किती खाते, हे तिच्या विद्युतवाहकतेवर अवलंबून. समुद्राचे पाणी कोरड्या जमिनीच्या हजारपट चांगले वाहक आहे. म्हणून मुंबईच्या लहरी अरबी समुद्रावर दूरवर जातात (दुर्दैवाने तिकडे श्रोते नाहीत) आणि दख्खनच्या खडकाळ पठारावर लवकर दमतात. कंपासने काढलेले वर्तुळ ही त्यामुळे एक सोय आहे. खरा नकाशा मोजणीतून निघतो: क्षेत्रतीव्रतामापक घेऊन गावोगाव जायचे, मिलिव्होल्ट प्रति मीटरमध्ये आकडे घ्यायचे आणि सारख्या आकड्यांची ठिकाणे रेषेने जोडायची, भूगोलात समोच्चरेषा जोडतो तशीच. अशा मोजणीची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे. कलकत्त्यात शिशिरकुमार मित्रांचे सहकारी एच. रक्षित यांनी तिथल्या केंद्राच्या क्षेत्रतीव्रतेची शहरभर व उपनगरांत पाहणी करून १९३१ साली निबंध प्रसिद्ध केला होता.

प्रसारणाची सुरुवात मात्र मोजणीची वाट पाहत थांबली नव्हती. २३ जुलै १९२७ रोजी खाजगी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, पुढच्या महिन्यात कलकत्त्याचे. प्रत्येकी दीड किलोवॉट, पल्ला सुमारे ४८ किलोमीटर. परवानाधारक श्रोते देशभर मिळून आठ हजारांपर्यंतही गेले नाहीत. १९३० मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारला ती चालवायला घ्यावी लागली.

१९३५ मध्ये बीबीसीतून लायनेल फील्डन नियंत्रक म्हणून आले. पाठोपाठ, १९३६ च्या प्रारंभी, बीबीसीच्या संशोधन विभागाचे एच. एल. कर्क यांनी देशाची पाहणी केली. त्यांचा भर मध्यम लहरींच्या केंद्रांवर होता. इंग्लंडच्या अनुभवावरून तेच स्वाभाविक होते: छोटा देश, दाट वस्ती, विजांचा त्रास कमी. इथे काय होईल? ५० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळे धरली तर अविभाजित भारताच्या ४१ लाख चौरस किलोमीटरांना नुसत्या भागाकारानेच ५२० हून अधिक केंद्रे लागतात. त्यात वर्तुळे एकमेकांना चिकटवली तरी मध्ये तिकोनी फटी राहतात. फट राहू नये म्हणून ती एकमेकांवर चढवावी लागतात. मधमाशीच्या पोळ्यासारखी सर्वांत काटकसरीची रचना केली तरी आकडा ६३० च्या घरात जातो. शक्ती वाढवून पल्ला दुप्पट करावा, तर आदर्श स्थितीतही चौपट शक्ती हवी. प्रत्यक्षात जमीन आपला वाटा घेते, म्हणून त्याहून बरीच जास्त.

ऑगस्ट १९३६ मध्ये सी. डब्ल्यू. गॉयडर मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. ऑक्टोबर १९२४ मध्ये, लंडनच्या मिल हिल शाळेत विद्यार्थी असताना, याच गॉयडरने पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकाच्या न्यूझीलंडशी पहिला दुतर्फा रेडिओ संपर्क साधला होता. जमिनीवरून न रखडता आयनांबरावरून परावर्तित होऊन येणाऱ्या लहरींची ताकद त्याने स्वतः अनुभवली होती. त्याने योजनेची दिशाच बदलली. दिल्ली, मुंबई, मद्रास व कलकत्ता इथून लघुलहरींवर साऱ्या देशाला, दुय्यम दर्जाचे का होईना, पण काहीतरी ऐकू यावे. आणि मोठ्या शहरांना मध्यम लहरींवर चांगले ऐकू यावे. १९३८ संपण्यापूर्वी चारही शहरांतून लघुलहरी सुरू झाल्या होत्या. थोड्यांना उत्तम की सर्वांना बरे, या प्रश्नात गॉयडरचे उत्तर त्या काळच्या पैशांत योग्यच होते, असे आमचे मत आहे.

पण लघुलहरींनाही स्वतःची पोकळी असते. आयनांबरावरून परतणारी लहर काही अंतर टाकूनच खाली उतरते. समजा, मुंबईहून निघालेली लहर ३०० किलोमीटरपलीकडे उतरते. मध्यम लहरी तर ७० किलोमीटरच्या आसपास थकल्या. मधल्या कड्यात कोण येते? नकाशा घेऊन पाहा: पुणे, नाशिक, सातारा. नागपूरकराला मुंबई ऐकू यावी आणि पुणेकराला येऊ नये, असा प्रकार! शिवाय हे कडे स्थिर नसते. दिवसा-रात्री, ऋतूंप्रमाणे आयनांबर बदलते आणि कडे आकुंचन-प्रसरण पावते. त्यामुळे लघुलहरींच्या नकाशावर घड्याळाची वेळ लिहावीच लागते. यावर उपाय म्हणजे ६० किंवा ९० मीटरच्या जरा लांब लहरी जवळजवळ सरळ वर फेकायच्या. त्या जवळपासच परत येतात. उष्ण कटिबंधातील देशांसाठी असे पट्टे आंतरराष्ट्रीय करारांनी ठेवलेले आहेत. मात्र विजांची खरखर तिथे अधिक, आणि आपल्याकडे वळवाच्या दिवसांत ती किती असते हे सांगायला नको.

सेटचा प्रश्न तर वेगळाच होता. लघुलहरींचा सेट महाग. लहर गावात पोचली तरी ती ऐकणारा एखादाच. म्हणून लोकांपर्यंत पोचणे, हे शेवटी जवळच्या केंद्रांनीच होणार होते. नागपूर केंद्र १९४८ मध्ये, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. आणि १९५६ मध्ये पुणे केंद्रावरून १५० गावांत शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला, तेव्हा कड्यातल्या याच जिल्ह्यांतले लोक रेडिओभोवती एकत्र बसून शेतीवर चर्चा करू लागले.

पुढे एफएम आले आणि पोकळ्यांचा आकार पुन्हा बदलला. एफएमच्या लहरी प्रकाशासारख्या जवळपास सरळ जातात. डोंगराआड त्यांची सावली पडते. २८ एप्रिल २०२३ रोजी एकदम ९१ छोटे, १०० वॉटचे एफएम प्रक्षेपक सुरू झाले, ते अशाच सावल्या एकेक करून भरण्यासाठी.

आपल्या तालुक्याचा असा नकाशा विद्यार्थ्यांना करता येईल. मध्यम लहरींचे एखादे केंद्र लागत असेल तर साधा ट्रान्झिस्टर पुरे. दोन काळज्या घ्याव्यात. सेटमधील फेराइट दांडी एका दिशेत लहर घेते, दुसऱ्या दिशेत जवळजवळ घेतच नाही; म्हणून प्रत्येक ठिकाणी सेट फिरवून सर्वांत स्पष्ट जागा शोधावी. दुसरे म्हणजे, आवाज मोठा की लहान हे नोंदवू नये. लहर क्षीण झाली की सेट आपोआप वर्धन वाढवतो आणि आवाज तेवढाच ठेवतो. पहिल्यांदा आम्ही हे विसरलो आणि दिवसभर फिरून सगळीकडे सारखेच आकडे घेऊन आलो. खरखर किती मिसळली आहे आणि शब्द कळतात की नाही, एवढेच लिहावे, आणि शेजारी वेळ.